आगबोट, टपाल आणि तार: एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई बंदराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदी विभागात लोकांना फिरवून बंदराच्या जुन्या गोष्टी सांगण्याचा मला छंद आहे. कोणी पणजोबांचा विलायतेचा प्रवास शोधत असतं, कोणाला जुनी पाकिटं जमवायचा नाद असतो, तर कोणी नुसतंच उत्सुकतेपोटी येतं. पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून टाकली. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात. वाफेने प्रवास जलद झाला आणि तारेने बातमी जलद झाली, पण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. किनाऱ्यावरची माणसं तारेने बोलायला लागली, तरी समुद्रात गेलेली बोट शतक संपेपर्यंत मुकीच होती.

मुंबईहून सुटलेली पहिली आगबोट कोणती?

सुएझपर्यंत गेलेली पहिली म्हणाल तर 'ह्यू लिंडसे'. मुंबईच्या गोदीतच, वाडिया घराण्यातल्या नवरोजी जमशेटजींच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. वजन ४११ टन, दोन्ही बाजूंना पाण्याची चाकं, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि वर शिडं. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन निघाले आणि २२ एप्रिलला सुएझला पोचले.

ही सफर दोन ओळींत आटपण्यासारखी नाही. बोटीत कोळसा मावायचा साडेपाच-सहा दिवसांचा आणि एडन तर लांब. मग काय, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. उतारूंच्या खोल्यांतही कोळसाच. मुंबईतून निघताना बोट इतकी खाली बसली होती की चाकं नीट फिरेनात. अकराव्या दिवशी ती एडनला लागली तेव्हा कोठारात काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढे मोखा, जेद्दा, कोसैर असं जागोजागी कोळसा घेत सुएझ गाठलं. जवळजवळ ३३ दिवसांतले इंजिन प्रत्यक्ष चालल्याचे जेमतेम २१-२२. बाकीचे दिवस कोळसा भरण्यात गेले.

आणखी एक गंमत. हा कोळसा इंग्लंडहून यायचा, तोही शिडाच्या जहाजांनी, आफ्रिकेला वळसा घालून. म्हणजे वाफेची बोट चालायची ती शिडांच्या जिवावर!

म्हणून इंग्रजांनी एडन घेतलं का?

एकच कारण सांगायचं तर हो, कोळशाच्या वखारीसाठी. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने एडन ताब्यात घेतलं आणि ते मुंबई सरकारच्या अखत्यारीत आलं. पुढे जवळपास शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबईशी बांधलेला होता. वासुदेव बळवंत फडक्यांना १८८० मध्ये जन्मठेपेवर एडनला का पाठवलं, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर इथेच आहे. मुंबई इलाख्याचं ते दूरचं ठाणं होतं, आगबोटींचा राबता होता आणि तिन्ही बाजूंना पाणी. फडके तिथल्या तुरुंगातून निसटलेही होते, पण पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचं निधन झालं.

विलायतेला जायला किती दिवस लागत?

कोणत्या काळातली गोष्ट विचारताय, त्यावर आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजाने गेलं की चार ते सहा महिने. वारा मनासारखा नसला तर अधिक. सुएझमार्गे आगबोटी सुरू झाल्यावर हे दीड महिन्याच्या आत आलं. त्या वाटेला 'ओव्हरलँड' म्हणत, पण जमीन फक्त इजिप्तची. सुएझला उतरायचं, वाळवंटातून घोड्यांच्या गाड्यांनी कैरोला जायचं, मग नाईलमधून आणि कालव्यातून अलेक्झांड्रिया आणि तिथे पुढची बोट. थॉमस वॅगहॉर्न नावाच्या माणसाने या वाटेसाठी आयुष्य आणि पैसा दोन्ही घातले. १८५८ पर्यंत अलेक्झांड्रिया ते सुएझ लोहमार्ग पूर्ण झाला आणि घोडे सुटले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघाले आणि सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडला पोचले, म्हणजे साधारण साडेतीन आठवडे. टपालाच्या पिशव्या मात्र उतारूंपेक्षा लवकर पोचायच्या. त्यांचं वेगळं गणित पुढे सांगतो.

कालवा खुला झाल्यावर टपाल लगेच कालव्यातूनच जायला लागलं, बरोबर?

नाही. जाणकारही इथे चुकतात. पी. अँड ओ. या इंग्रज आगबोट कंपनीच्या टपालाच्या पिशव्या पुढेही बरीच वर्षं सुएझला उतरून रेल्वेने अलेक्झांड्रियाला जात होत्या. जुने करार त्या वाटेचे होते आणि इजिप्तची रेल्वे हाताशी होती. बोट कालव्यातून, पिशव्या आगगाडीतून, असा विचित्र प्रकारही काही काळ चालला.

त्यातच १८७० च्या सुमारास इटलीच्या टोकावरचं ब्रिंडिसी पुढे आलं. लंडनहून आगगाडीने ब्रिंडिसी आणि तिथून बोट, असं केलं की बिस्केच्या उपसागराचा आणि जिब्राल्टरचा फेरा वाचायचा. त्यासाठी टपालखर्च जास्त पडे. एका संग्राहक मित्राकडे त्या काळातलं एक पाकीट मी हातात घेऊन पाहिलं आहे. कागद इतका पातळ की आतल्या पत्राची शाई बाहेरून वाचता यावी, कारण पैसे वजनावर. डाव्या कोपऱ्यात तिरक्या इंग्रजी अक्षरांत 'व्हाया ब्रिंडिसी' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. आतल्या पत्रात ओळी आडव्या लिहून झाल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवर उभ्या ओळी लिहिलेल्या. वाचताना डोळे दुखतात, पण लिहिणाऱ्याचे पैसे वाचले.

मुंबईलाच टपालाचं एवढं महत्त्व का आलं? कलकत्ता तर राजधानी होती.

नकाशा बघा, बाकी सांगायची गरज नाही. तरीही हे सहज घडलं नाही. पी. अँड ओ.ने १८४२ मध्ये सुएझ मार्ग सुरू केला तो कलकत्त्याचा. मुंबई-सुएझ फेरी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराने स्वतःकडे धरून ठेवली होती आणि इथले व्यापारी तिच्या नावाने बोटं मोडत. १८५४ मध्ये ती पी. अँड ओ.कडे गेली. १८६८ पासून दर आठवड्याला विलायती डाक मुंबईला यायला लागली आणि साऱ्या हिंदुस्थानचं टपाल इथून वाटलं जाऊ लागलं. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यावर तर प्रश्नच मिटला.

वेळ वाचवायला टपालाची वर्गवारी बोटीवरच करत. एडन ते मुंबईच्या वाटेवर डुलत्या बोटीत बसून कारकून पत्रं गावोगावच्या पिशव्यांत टाकत. बोट धक्क्याला लागेपर्यंत पिशव्या तयार, लगेच आगगाडीत. त्यातल्या कितींना बोट लागत असेल, देव जाणे.

बोट येतेय हे शहराला कसं कळायचं?

कुलाब्याच्या दांडीवरून. तिथे १७९९ पासून दीपगृह होतं आणि निशाणकाठीही. क्षितिजावर धूर किंवा डोलकाठी दिसली की बावटे चढत आणि कोटातले, म्हणजे फोर्ट भागातले, व्यापारी दुर्बिणी लावून बसत. पुढे खांदेरी बेटावर १८६७ मध्ये आणि कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर, म्हणजे प्राँग्जवर, १८७५ मध्ये दीपगृह उभं राहिलं. प्राँग्जचं काम थॉमस ऑर्मिस्टनचं. ओहोटीला आजही लोक तिकडे चालत जाण्याची हौस करतात. भरतीची वेळ न बघता जाऊ नका.

जहाजं आपसांत आणि किनाऱ्याशी बोलायची ती बावट्यांच्या भाषेत. १८५७ च्या व्यापारी संकेतावलीत १८ बावटे होते आणि त्यांच्या जुळवाजुळवीतून सुमारे ७०,००० संदेश निघत. त्यात इंग्रजीतले स्वर मुद्दाम ठेवले नव्हते. स्वर घेतले असते तर चार बावट्यांत नको ते शब्द तयार झाले असते! रात्री निळे दिवे, आकाशात सोडायचे दारूचे बाण आणि तोफ. धुकं किंवा पाऊस असला की यातलं काहीच दिसायचं नाही.

घड्याळाचाही इथेच संबंध येतो. समुद्रात रेखांश काढायला जहाजावरचं घड्याळ अचूक लागतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली ती जहाजांना वेळ पुरवायलाच. ठरल्या क्षणी खांबावरचा मोठा गोळा खाली सोडत आणि जहाजावरचे अधिकारी त्यावर घड्याळ लावून घेत. ग्रीनिचपेक्षा मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे. या ५१ मिनिटांवरून मुंबईकरांनी पुढे सरकारशी बरंच भांडण केलं, पण तो वेगळा विषय आहे.

तारेने विलायतेशी बोलणं कधी सुरू झालं?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा १८६५ चा, इराणच्या आखातातून आणि तुर्कस्तानातून जाणारा. तार जायची, पण वाटेत इतक्या हातांतून की पोचेपर्यंत मजकुराचं भजं व्हायचं. दर वीस शब्दांना सुमारे ५ पौंड.

दुसरा टप्पा १८७० चा. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबईला आलं. लांबी ६९२ फूट, पोटात हजारो मैलांची केबल. तांब्याची तार, भोवती गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टण आणि वर लोखंडी तारांचं कवच. १४ फेब्रुवारीला मुंबईचा किनारा सोडून जहाज केबल टाकत एडनकडे निघालं आणि महिना संपायच्या आत एडनजवळ पोचलं. तिथून सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत जून १८७० मध्ये ती साखळी इंग्लंडातल्या पोर्थकर्नोला जोडली गेली.

फरक समजायला एकच उदाहरण पुरे. १० मे १८५७ ला मीरतेत उठाव झाला, त्याची बातमी लंडनला पोचली जूनच्या अखेरीस. म्हणजे दीड महिना. १८७० नंतर असा निरोप काही तासांत जायला लागला. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला रंगो बापूजी १८४० च्या सुमारास लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. एका पत्राला उत्तर यायला तीन-चार महिने लागत असताना त्यांनी कज्जा कसा चालवला असेल? विचार करून बघा.

तार आल्याने कापसाच्या व्यापाऱ्यांचं काय झालं?

अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला होता, हे सर्वांना माहीत आहे. १८६५ च्या वसंतात ती लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला आणि जुलैमध्ये बाजार बुडाला. त्याच वर्षी विलायतेची तार नुकती सुरू झाली होती. पूर्वी बोटीबरोबर भाव यायचा आणि आलेली बोट सगळेच पाहायचे. आता कोणाच्या खिशात कोणती तार आहे, हे शेजाऱ्याला कळेना. रॉयटर या वृत्तसंस्थेने १८६६ मध्ये मुंबईत कचेरी उघडली ती याच भुकेवर. शब्दाला पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी खासगी सांकेतिक शब्दांच्या वह्या बनवल्या. एका शब्दात 'पाचशे गासड्या घ्या, भाव याहून वर जाऊ देऊ नका' एवढं सगळं.

मोठ्या बोटी थेट धक्क्याला लागत का?

बराच काळ नाही. बोट बंदरात नांगर टाकायची आणि उतारू होडीने पालवा बंदरावर किंवा माझगावला यायचे. साहेबलोक ज्याला अपोलो बंदर म्हणत तेच आपलं पालवा बंदर. भरतीत होडी बोटीच्या शिडीला आपटत असताना नऊवारी किंवा घोळदार झगा सावरत उतरणं हा खेळ नव्हता.

१८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक अशा गोद्या झाल्या. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडं मुळांसकट उभी सापडली. समुद्राखाली गेलेलं जंगल! मला विचाराल तर सगळ्या बंदराच्या इतिहासात याहून विलक्षण काही नाही, पण याबद्दल कोणी विचारतच नाही.

बोटीवर काम कोण करायचं?

वर टोपीवाले, खाली आपली माणसं. डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल. खलाशी भरती करायचा तो सारंगच, बहुधा आपल्याच गावचे आणि नात्यातले. सुकाण्यावर सुकाणी. जेवणाखाण्याच्या कामावर गोव्याचे लोक. बोट सुटेपर्यंत ते धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या 'कुडां'त राहत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक खोली, भिंतीशी रांगेने ठेवलेल्या पेट्या आणि कोपऱ्यात देव्हारा.

सर्वांत हाल तळाशी. आगवाले, कोयलेवाले, तेलवाले. यांत सिद्दी, पठाण, पंजाबी असत. तांबड्या समुद्रात वाऱ्याची झुळूक नाही, वर लोखंड तापलेलं आणि समोर भट्टीचं तोंड उघडं. फावड्याने कोळसा टाकायचा, लांब सळईने निखारे चाळायचे, राख ओढून बादल्यांनी वर चढवायची, चार तासांची पाळी. भोवळ येऊन पडलेल्याला ओढत डेकवर आणत. 'वाफेच्या युगा'च्या चित्रांत ही जागा सहसा दिसत नाही.

मराठी माणसं समुद्र ओलांडायला घाबरत, हे खरं का?

समुद्राला नव्हे, जातीला घाबरत. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे आणि ते घेऊनही पंक्तीला बसवतीलच असं नाही. तरी लोक गेले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये मुंबईहून इंग्लंडला गेल्या. आनंदीबाई जोशी त्याच वर्षी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या, कारण त्या वेळी त्यांचा मुक्काम तिकडे होता. त्या मुंबईहून गेल्या असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते चूक. डॉक्टर होऊन त्या परतल्या मात्र मुंबईच्याच बंदरात, नोव्हेंबर १८८६ मध्ये. तेव्हा त्या आजारी होत्या आणि पुढच्या फेब्रुवारीत गेल्या.

हाजींचा विषय निराळा. हिंदुस्थानातले हजारो यात्रेकरू मुंबईहून जेद्दाला जात. त्यांच्या बोटींतली गर्दी आणि दलालांची लूट इतकी वाढली की १८८६ मध्ये सरकारने यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली. ती काही वर्षंच टिकली.

कोकणच्या आगबोटींविषयी सांगा ना!

हा प्रश्न विचारणारा नेहमी चाकरमान्यांच्या घरातला असतो. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी या बंदरांनी मुंबई कोकणाला बांधली ती रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कितीतरी आधी. बोट खाडीबाहेर उभी राही, भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, निघत. गड्याच्या खांद्यावर बसून कमरेएवढ्या पाण्यातून पडावात, पडावातून लाटेचा अंदाज घेत बोटीच्या दारात. बायका-पोरं, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, सगळं एकाच दारातून. मग डेकवर पथारी टाकायला जागा धरायची. शक्यतो वाऱ्याच्या बाजूला आणि यंत्रापासून लांब, नाहीतर बोट लागलीच म्हणून समजा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. गेलेला माणूस नारळी पौर्णिमेपर्यंत तिकडेच.

वायरलेस कधी आलं? बोटीचं काही झालं तर कसं कळायचं?

बोटींवर बिनतारी यंत्रं आली ती विसाव्या शतकात. त्याआधी उत्तर एकच, कळायचंच नाही. 'वैतरणा' आठवा. शेफर्ड कंपनीची, १८८५ ची बोट. विजेचे दिवे होते म्हणून कच्छ-काठेवाडात तिला 'विजळी' म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि ७०० च्या वर माणसांसह नाहीशी झाली.

त्या वेळी मुंबईहून लंडनला काही तासांत निरोप जात होता. किनाऱ्यावर तारघरं होती. पण किनाऱ्यापासून थोड्याशा अंतरावरच्या बोटीला 'आम्ही बुडतोय' एवढं सांगायची सोय नव्हती. विजेचे दिवे होते, पण ते बघायला कोणी जवळ नव्हतं. मुंबईत लोक धक्क्यावर वाट बघत राहिले. आधी उशीर झाला म्हणून, मग कुठल्या तरी खाडीत आसऱ्याला शिरली असेल म्हणून. चौकशी झाली, कवनं रचली गेली, बोट सापडली नाही.

माझे पणजोबा कोणत्या बोटीने गेले, हे शोधता येईल का?

साल आणि महिना माहीत असेल तर प्रयत्न करा. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींची आणि उतारूंची यादी छापून येई. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे सरकारी आरमार खात्याची दफ्तरं मिळतात. पणजोबा वरच्या वर्गाने गेले असतील तर नाव सापडायची आशा आहे, पण स्पेलिंगचे चार-पाच प्रकार धरून शोधा. 'जोशी' हे 'जोशे' झालेलं असेल.

डेकने गेले असतील तर नाव मिळणं कठीण. यादीत साहेब, मेमसाहेब, मुलं आणि आया इथपर्यंत येतात. डेकवरच्यांचा आला तर नुसता आकडा येतो.